युनिट टेस्ट हिरव्या आहेत, आता पुढे काय?

मागच्या भागात आपण युनिट टेस्ट पाहिल्या. एक फंक्शन घ्यायचं, ठरलेलं इनपुट द्यायचं, ठरलेलं उत्तर येतं का ते बघायचं. तो भाग झाल्यापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय: "मॅडम, पुढे काय शिकू? सेलेनियम की प्लेराइट?"

उत्तर मी देणार आहे, पण जरा उशिरा. कारण हा प्रश्न औषधाच्या दुकानात जाऊन "चांगली गोळी कोणती?" असं विचारण्यासारखा आहे. आधी दुखतंय काय ते सांगावं लागतं. टूल निवडायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काय बिघडलं तर कोणाचं नुकसान होईल, आणि ते आधी कोणाच्या लक्षात येईल. आजचा सगळा भाग त्या कागदावरच आहे.

उदाहरण म्हणून पिग्मीचं ॲप घेऊ. पिग्मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ साली कर्नाटकच्या किनारपट्टीवर ही योजना सुरू केली. आज बेळगाव-कोल्हापूरपासून पार कुठेकुठे पतसंस्थांचे एजंट रोज दुकानोदुकानी फिरून पन्नास, शंभर रुपये गोळा करतात. तुमच्या भागात तिला दैनिक ठेव किंवा डेली डिपॉझिट म्हणत असतील. एजंटच्या हातात आता फोन असतो. पानवाला ५० रुपये देतो, एजंट ॲपमध्ये नोंद करतो, पानवाल्याला एसएमएस जातो. बाजाराच्या तळमजल्यावर रेंज नसते, म्हणून ॲप नोंदी आधी फोनमध्ये ठेवतं आणि नेटवर्क मिळालं की सर्व्हरकडे पाठवतं. रात्री एजंट संस्थेत रोकड भरतो आणि हिशोब जुळवतो. जुळला नाही, तर बहुतेक वेळा फरक त्याच्या खिशातून जातो.

या ॲपच्या युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत असं समजा. व्याज बरोबर, कमिशन बरोबर, तारीख बरोबर. आता फोनने ५० रुपयांची पावती पाठवली, सर्व्हरने खतावणीत लिहिली, "मिळाली" असं उत्तर पाठवलं, आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. फोनला उत्तर मिळालंच नाही. त्याने पाच मिनिटांनी तीच पावती पुन्हा पाठवली. खात्यात १०० रुपये. फोनचं फंक्शन चुकलेलं नाही, सर्व्हरचंही नाही. चूक दोघांच्या मधल्या जागेत आहे आणि युनिट टेस्ट त्या जागेत जातच नाही. रात्री एजंटच्या हातात रोकड ५० रुपयांनी कमी भरणार.

या भीतीसाठी माझी पहिली पसंती प्रॉपर्टी-बेस्ड टेस्टिंगला आहे, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातले कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी हॅस्केल भाषेसाठी क्विकचेक नावाचं टूल केलं, त्यावरचा त्यांचा निबंध २००० साली आला. त्यातली कल्पना अशी: उदाहरणं माणसाने लिहायची नाहीत, माणसाने फक्त नियम लिहायचा. उदाहरणं यंत्र बनवेल, शेकड्याने. आज पायथनमध्ये हायपोथेसिस आहे, जावामध्ये जेक्विक, जावास्क्रिप्टमध्ये फास्ट-चेक.

पिग्मीसाठी नियम काय? एजंटने घेतलेली प्रत्येक पावती शेवटी खतावणीत एकदाच दिसली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. मग टूलला फक्त हालचाली सांगायच्या: पावती घे, नेटवर्क तोड, नेटवर्क जोड, सिंक कर, सर्व्हरचं उत्तर हरव, ॲप बंद करून उघड. टूल या हालचाली वाटेल त्या क्रमाने करत सुटतं, शेवटी एकदा नीट सिंक करतं आणि नियम तपासतं. हायपोथेसिसमध्ये याला स्टेट मशीन टेस्ट म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. समजा चाळीस हालचालींनंतर नियम मोडला. चाळीस पायऱ्यांचा बग कोण वाचणार? म्हणून टूल त्यातल्या पायऱ्या एकेक काढून बघतं, तरीही मोडतो का? शेवटी तुमच्या हातात तीन ओळी येतात: पावती घे, सर्व्हरचं उत्तर हरव, पुन्हा सिंक कर. हे इतकं छोटं असतं की ते तसंच संस्थेच्या मॅनेजरलाही दाखवता येतं.

आता दुरुस्ती. बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते असं: त्याच खात्यावर, त्याच तारखेला, तेवढीच रक्कम आली तर दुसरी नोंद टाकून द्या. टेस्ट पुन्हा चालवा, लगेच लाल होईल. कारण पानवाला काल गावाला गेला होता, म्हणून आज त्याने कालचे ५० आणि आजचे ५० अशा दोन पावत्या घेतल्या. तुमच्या दुरुस्तीने त्यातली एक गिळली. आधी पैसे जास्त दिसत होते, आता कमी दिसतायत, आणि हे जास्त वाईट आहे, कारण पैसे गेलेत हे पानवाल्याला पासबुक भरेपर्यंत कळणारच नाही.

बरोबर दुरुस्ती म्हणजे प्रत्येक पावतीला फोनवरच स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक खतावणीत दुसऱ्यांदा येऊ द्यायचा नाही. इथेही दोन खाचखळगे आहेत. क्रमांक पावती घेताना द्यायचा, पाठवताना नाही, नाहीतर प्रत्येक वेळी पाठवताना तो नवा होईल आणि आपण होतो तिथेच राहू. दुसरं, सर्व्हरने दुसऱ्यांदा आलेल्या पावतीला "चूक" असं उत्तर द्यायचं नाही. "मिळाली" असंच म्हणायचं. नाहीतर फोन तीच पावती रात्रभर पाठवत बसेल. हे दोन्ही खळगे तोच एक नियम पकडतो, नवी टेस्ट लिहावी लागत नाही. दहा उदाहरणं सुचण्यापेक्षा एक नियम सुचणं अवघड असतं हे खरं, पण पैशाच्या हिशोबात तो बहुतेक वेळा किर्द लिहिणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतो. त्याला विचारा.

आता हा "दुसऱ्यांदा येऊ द्यायचा नाही" नियम राहतो कुठे? डेटाबेसमध्ये. म्हणून दुसरी भीती डेटाबेसची. बऱ्याच टीम प्रत्यक्षात पोस्टग्रेस वापरतात आणि टेस्टमध्ये मात्र मेमरीतला एसक्यूलाइट किंवा एचटू, कारण तो पटकन चालतो. आपल्या ॲपमध्ये याने काय होतं बघा. फोन चाळीस पावत्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये पाठवतो, तिसरी आधीच आलेली आहे. एसक्यूलाइट नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त ती तिसरी ओळ नाकारतो, बाकीच्या पुढे लिहिता येतात. पोस्टग्रेसमध्ये एका ओळीवर एरर आला की अख्खं ट्रान्झॅक्शन अडकतं, रोलबॅक करेपर्यंत पुढची प्रत्येक आज्ञा नाकारली जाते. म्हणजे टेस्ट हिरवी आणि गावात मात्र एका जुन्या पावतीमुळे बाकीच्या एकोणचाळीस अडकलेल्या. यावर उपाय सोपा आहे, पोस्टग्रेसला "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" सांगायचं. पण उपाय सुचायला आधी दुखणं दिसायला हवं.

त्यासाठी टेस्टकंटेनर्स वापरा. ते डॉकरमधून खराखुरा पोस्टग्रेस उभा करतं, टेस्ट झाल्या की फेकून देतं. प्रत्येक टेस्टला नवा डेटाबेस उभा करू नका, सगळ्या टेस्टसाठी एकदाच करा, नाहीतर वेळ फार जाईल. प्रत्यक्षात जी आवृत्ती चालते तीच टेस्टमध्येही ठेवा.

तिसरी भीती आपल्या घरची आहे: देवनागरी. इंग्रजीत लिहिलेल्या टेस्टिंगच्या पुस्तकांत ती सहसा सापडत नाही, म्हणून इथे सांगते. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं, की मर्यादा ७० होते, आणि त्याहून लांब मेसेज ६७-६७ च्या तुकड्यांत जातो. प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. आणि ही मोजणी संगणकाची असते, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "श्री" आपल्याला एक अक्षर वाटतं, संगणकाला ती चार चिन्हं. तुमची टेस्ट "राम" नावावर लिहिलेली असेल तर हे कधीच दिसणार नाही.

नावांचा घोळ तर याहून वाईट. कुऱ्हाडे किंवा गोऱ्हे ही आडनावं घ्या. त्यातला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. काही कीबोर्ड तिसऱ्याच मार्गाने जातात, र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला नाही. एजंटने शोधलं, "कुऱ्हाडे" सापडले नाहीत, म्हणून त्याने नवीन खातं उघडलं. आता एकाच माणसाची बचत दोन खात्यांत आहे आणि त्याच्या हातात पासबुक एकच.

इथेही नियमच लिहायचा. साठवलेलं नाव परत वाचलं तर तेच यायला हवं. तिन्ही प्रकारे लिहिलेलं नाव शोधलं तर तेच खातं सापडायला हवं. नाव कापावं लागलं तर शेवटी लोंबता हलन्त राहता कामा नये. हायपोथेसिसला "फक्त देवनागरीच्या पट्ट्यातली चिन्हं वापर" असं सांगता येतं. शिवाय खऱ्या आडनावांची एक यादी हाताने करून ठेवा आणि त्यात कानडी, तेलुगू, गुजराती नावंही घाला. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची ॲप्स कोसळत होती. ॲपलला त्यासाठी अपडेट काढावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं जोडाक्षरावर अडलं, तर आपण यादी करायला लाजायचं कारण नाही.

आता सेलेनियम की प्लेराइट. सेलेनियम २००४ पासून आहे, प्लेराइट मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलं. वेबचं काम नव्याने सुरू करत असाल तर मी प्लेराइट घेईन. बटण दिसेपर्यंत ते स्वतः थांबतं, आणि टेस्ट पडली तर पायरी-पायरीने काय झालं ते नंतर बघता येतं. पण तुमच्याकडे सेलेनियमच्या हजार टेस्ट नीट चालत असतील, तर केवळ फॅशनसाठी त्या पुन्हा लिहू नका. आणि पिग्मीचं ॲप फोनवर आहे, त्यामुळे इथे दोन्ही कामाचे नाहीत. तिथे ॲपियम किंवा माएस्ट्रो लागेल, आणि एजंट वापरतो तसला एक स्वस्त अँड्रॉइड फोन. अशा पूर्ण प्रवासाच्या टेस्ट पाच-सहाच ठेवा: लॉगिन, पावती, सिंक, रात्रीचा हिशोब. बास.

कमी का? कारण या टेस्ट कधी पास, कधी फेल होतात, कोड न बदलता. गूगलने २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये असा काही ना काही लहरीपणा दिसतो. त्यांची ही गत, तर आपली काय कथा. मग टीमला सवय लागते, लाल झालं की पुन्हा चालवा, हिरवं होईल. आपल्या ॲपमध्ये ही सवय फार महाग पडेल, कारण वीस वेळांत एकदा पडणारी सिंकची टेस्ट लहरी नसेलही, ती कदाचित तोच दुहेरी पावतीचा बग दाखवत असेल. म्हणून लहरी टेस्ट बाजूला काढा, तिच्यावर कोणाचं तरी नाव लिहा, आठवड्यात कारण शोधा नाहीतर ती काढून टाका.

लोड टेस्टिंगबद्दल थोडक्यात. आधी पाटीवर गणित करा. ३०० एजंट, प्रत्येकी ८० पावत्या, म्हणजे २४,००० पावत्या. सगळे रात्री वीस मिनिटांत सिंक करतात म्हटलं तर सेकंदाला २०. हे काही फार नाही. खरी अडचण महिनाअखेरीला येते, त्याच वीस मिनिटांत कोणी व्याजाची आकारणी चालवली तर. तेवढा एकच प्रसंग के-सिक्स, लोकस्ट किंवा जेमीटरने उभा करा. यातलं तुमच्या टीमला ज्याची भाषा येते ते घ्या, फरक फार नाही.

फोनमध्ये पावत्या जिथे साठतात तो एसक्यूलाइट, आणि टेस्टिंग कसं निवडावं याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला धडा त्यांच्याकडेच आहे. रिचर्ड हिप आणि त्यांची छोटी टीम २००० पासून तो सांभाळते. त्यांच्या मूळ कोडच्या सुमारे ५९० पट टेस्टचा कोड आहे. पण मला आकड्यापेक्षा रचना आवडते. एकमेकांपासून स्वतंत्र अशा चार टेस्ट यंत्रणा, आणि प्रत्येक भीतीसाठी काहीतरी वेगळं. मेमरी संपली तर? मग मेमरीची पहिली मागणी मुद्दाम फेटाळतात, मग दुसरी, मग तिसरी, शेवटपर्यंत. लिहिता लिहिता वीज गेली तर? तेही खोटं खोटं घडवून फाइल शाबूत आहे का बघतात. उत्तर बरोबर आहे का? लाखो क्वेरींची उत्तरं दुसऱ्या डेटाबेसशी ताडून बघतात. कोडची प्रत्येक फांदी टेस्टमध्ये चालते, शंभर टक्के.

आणि तरीही २०१५ मध्ये मिखाऊ झालेव्स्की यांनी स्वतःचं एएफएल हे फझिंगचं टूल एसक्यूलाइटवर सोडलं, तर थोड्या वेळात वीसेक बग निघाले. फझिंग म्हणजे वेडंवाकडं इनपुट सतत फेकत राहणं आणि कोडमध्ये नवी वाट उघडली की तिथून पुढे आणखी वेडंवाकडं करणं. शंभर टक्के फांद्या चालल्या म्हणजे प्रत्येक ओळ चालली, प्रत्येक इनपुटवर चालली असं नाही. त्या मंडळींनी ते मान्य केलं आणि पुढे स्वतःचं फझिंग कायमचं सुरू केलं.

त्यांच्याकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. कोड जमा करण्याआधी काही मिनिटांत संपणारा टेस्टचा एक छोटा संच चालवतात. तासन्‌तास चालणाऱ्या टेस्ट रिलीजच्या आधी. आणि रिलीजला सुमारे दोनशे मुद्द्यांची यादी असते, ती मुद्दाम माणसं हाताने पूर्ण करतात.

पिग्मीसाठी मी अशी वाटणी करेन. प्रत्येक पुशला युनिट टेस्ट, पोस्टग्रेसच्या टेस्ट आणि नियमांच्या टेस्ट प्रत्येकी शंभर उदाहरणांवर. हायपोथेसिसचा मूळ आकडा तेवढाच आहे. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत, कारण त्याहून जास्त लागलं की लोक वाट न बघता पुढे जातात. रात्री त्याच नियमांच्या टेस्ट दहा हजार उदाहरणांवर, आणि टेबलावरच्या खऱ्या फोनवर पाच-सहा प्रवास, त्यात मध्येच ॲप जबरदस्तीने बंद करणं. रात्री यंत्राला सापडलेलं उदाहरण सकाळी साध्या टेस्टसारखं लिहून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा नशिबावर राहत नाही. रिलीजच्या आधी एक संध्याकाळ एजंटबरोबर बाजारात. फोन एका हातात, सुट्टे पैसे दुसऱ्या हातात, मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं, अशा वेळी तो "सेव्ह" दोनदा दाबतो की नाही, हे कुठलंही टूल सांगणार नाही.

तुमची टीम तीन माणसांची असेल आणि हे सगळं जमणार नसेल, तर माझा क्रम पुस्तकांपेक्षा उलटा आहे. सगळ्यात आधी प्रत्यक्ष चालू यंत्रणेवर रात्रीचा ताळमेळ लावा: प्रत्येक फोनवरची पावत्यांची संख्या आणि बेरीज, सर्व्हरवरची संख्या आणि बेरीज, फरक असेल तर संस्थेला त्याच रात्री मेसेज. हे एका दिवसाचं काम आहे आणि बग कुठलाही असो, पानवाल्याच्या आधी तुम्हाला कळतो. नंतर सिंकचा नियम. नंतर खरा डेटाबेस. पडद्यावरच्या टेस्ट सगळ्यात शेवटी.

एक प्रश्न राहिला, तोही बरेच जण विचारतात: या टेस्ट चांगल्या आहेत हे कसं ओळखायचं? कोड मुद्दाम बिघडवून टेस्ट लाल होते का बघणं, याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथनसाठी म्यूटमट अशी टूल आहेत. एसक्यूलाइटची मंडळीही आपल्या कोडच्या फांद्या एकेक बिघडवून टेस्ट ओरडतात का ते तपासतात. तुम्हाला सुरुवात करायला टूलसुद्धा नको. पावतीचा क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी डेटाबेसमधली ती एक ओळ उद्या सकाळी स्वतःच्या कॉपीत काढून टाका आणि सगळ्या टेस्ट चालवा. किती लाल होतात ते मोजा. शून्य आलं, तर आजची कामाची यादी तुमच्यासमोर आहे. लाल झाल्या, तर ओळ परत घाला आणि तेच देवनागरी नावांच्या नॉर्मलायझेशनच्या ओळीवर करून बघा. माझा अंदाज आहे की तिथे बऱ्याच जणांच्या टेस्ट हिरव्याच राहतील.